कोपऱ्यातलं मांजर

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

प्राण्यांच्या निवाऱ्यात मांजर दत्तक घ्यायला गेलेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत निवड करून मोकळा होतो. खरं तर निवड तो करत नाही, मांजरच करतं. एखादं पिल्लू जाळीला अंग घासत पुढं येतं, पंजा बाहेर काढून बोट धरतं, मान वाकडी करून 'म्यांव' म्हणतं आणि बरोबरची पोरं ओरडतात, "बाबा, हेच!" विषय संपला. त्याच जाळीच्या आत मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या भांड्याआड आणखी एक मांजर असतं. सात-आठ महिन्यांचं. अंगाचा गोळा केलेला, कान आडवे पाडलेले, डोळ्यांच्या बाहुल्या नाण्याएवढ्या झालेल्या. ते पुढं येत नाही. "ते जरा घाबरट आहे हो," असं तिथला माणूस सांगतो आणि आपण पुढच्या पिंजऱ्याकडं वळतो. पुढच्या रविवारी ते तिथंच असतं, त्याच्या पुढच्या रविवारीही. दरम्यान त्याचं पिलूपण सरतं. मोठ्या झालेल्या, आणि वर घाबरट असलेल्या मांजराला घरी कोण नेणार?

आज मला या कोपऱ्यातल्या मांजराविषयी बोलायचं आहे. मी कवितेचा माणूस. प्राणिशास्त्राशी माझा संबंध एवढाच, की गेली दोन वर्षं असं एक मांजर आमच्या घरात राहतं आणि त्याच्यापायी मला पुष्कळ वाचावं आणि विचारावं लागलं.

निवारा ही कल्पना आपल्याला परकी नाही. पांजरपोळ हा शब्द आपल्या भाषेत जुनाच. मुंबईची पांजरपोळ १८३४ सालची. प्राण्यांवरची क्रूरता रोखण्यासाठी मुंबईत संस्था निघाली ती १८७४ मध्ये. पण पांजरपोळीची कल्पना मुख्यतः आसऱ्याची. जनावराला तिथं चारा-पाणी मिळावं आणि त्याचे दिवस सुखानं जावेत. मांजराला तेवढ्यानं भागत नाही. ते निवाऱ्यात जगतं, पण राहत नाही. शेजारच्या पिंजऱ्यात कुत्री भुंकत असतात, रोज नवी माणसं येतात, वीस मांजरांचे वास एकमेकांत मिसळलेले असतात. माणसाच्या कानाला साधारण २० हजार कंपनांपर्यंतचे आवाज कळतात, मांजराला ६० हजारांच्याही पुढचे. आपल्याला जो नुसता गलका वाटतो तो त्याच्या कानाला काय वाटत असेल, याचा अंदाज यावरून करा.

आता घाबरटपणा म्हणजे काय ते नीट बघू. कारण या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो.

एक म्हणजे माणूसच न पाहिलेलं मांजर. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना त्याच्या मनाची कवाडं उघडी असतात. या काळात माणसाच्या हातांनी त्याला उचललं, गोंजारलं, तर माणूस हा आपल्यातलाच एक प्राणी असं त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. हा काळ गच्चीवर, गोदामात किंवा बंद पडलेल्या मोटारीखाली गेला, की पुढं माणसाशी जमवून घेणं त्याला अवघड जातं. अशक्य नाही, पण अवघड. त्यातलं एखादं पुरतं रानटी झालेलं असतं. त्याची नसबंदी करून, खूण म्हणून कानाचं टोक छाटून, त्याला त्याच्या जागी परत सोडणं हीच दया. त्याला फ्लॅटमध्ये कोंडणं ही शिक्षा.

दुसरं मांजर माणसात वाढलेलं, पण घर सुटलेलं. मालक परगावी गेला, म्हातारी आजी वारली, घरात बाळ आलं, आणि मांजर एका पिशवीतून निवाऱ्यात. हे मांजर स्वभावानं भित्रं नसतं, ते हादरलेलं असतं. योग्य घरात ते आठवड्या-दोन आठवड्यांत ओळखू येणार नाही इतकं बदलतं.

आणि तिसरं मांजर जन्मतःच जरा मागं राहणारं. माणसांत नसतात का अशी? लग्नाच्या मांडवात सगळे नाचत असताना खांबाला टेकून उभी राहणारी? त्यांना कुणी आजारी म्हणत नाही.

कोपऱ्यातलं मांजर यांपैकी कुठलं, हे आपल्याला दहा मिनिटांत कळत नाही. ते रोज खाऊ घालणाऱ्या माणसाला कळतं. म्हणून निवाऱ्यात गेल्यावर मांजराकडं कमी बघा आणि त्या माणसाशी जास्त बोला. ते सापडलं कुठं? संध्याकाळी पाहुणे गेले, दिवे मंद झाले, की पुढं येतं का? हातातून खातं का? दुसऱ्या एखाद्या मांजराला बिलगून झोपतं का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल आणि खिशाला परवडत असेल, तर दोन्ही आणावीत असं माझं मत आहे. भित्र्या मांजराला माणसापेक्षा आधी त्याच्या सोबत्याचा धीर येतो.

इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये मांजराच्या डोळे मिटण्यावर अभ्यास केला. माणसानं मांजराकडं बघत डोळे अर्धवट बारीक केले, हळूच मिटले आणि सावकाश उघडले, तर मांजरही तसंच उत्तर देतं, असं त्यांना दिसलं. एवढंच नव्हे, तर एखाद्या अनोळखी माणसानं असे डोळे मिटले तर मांजर त्याच्या हाताकडं येण्याची शक्यता वाढते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका पाहणीत निवाऱ्यातल्या मांजरांना जोखलं, तर जी मांजरं माणसाला असं उत्तर देत होती ती लवकर दत्तक गेली होती. मला यातली दुसरी बाजू अधिक खुपते. जे मांजर भीतीपोटी डोळे मिटू शकत नाही, ते मागंच राहतं. आपल्याकडं 'मांजर डोळे मिटून दूध पितं' असं लबाडीच्या अर्थानं म्हणतात. खरं तर मांजर ज्याच्यासमोर डोळे मिटतं त्याच्यावर त्याचा विश्वास असतो. म्हण बदलायला हवी असं नाही, म्हणी आपल्याला कुठं विचारून जन्मतात!

आता घराविषयी. मांजरासाठी भरलेलं, हसतंखेळतं घर उत्तम, असं आपण धरून चालतो. धीट मांजराला ते मानवतंही. भित्र्या मांजराला मात्र शांत घर लागतं, आणि शांत म्हणजे बिनआवाजी नव्हे. आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होतात, मिक्सर फिरतो, सकाळी बातम्या लागतात. शांत म्हणजे जिथं आज जे ज्या वेळी घडलं तेच उद्या त्या वेळी घडतं, असं घर. मांजराला आवाजाचं भय कमी, अचानकपणाचं जास्त. म्हणून निवृत्त जोडपं, एकटी राहणारी शिक्षिका, घरी बसून काम करणारा माणूस, अशांचं घर या मांजराला मानवतं. ज्या घरात तीन-चार वर्षांचं मूल आहे आणि दाराशी सतत माणसं, तिथं ते आणू नये. त्यात मुलाचा दोष नाही, मांजराचाही नाही.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. मी आणि माझी पत्नी, दोघंच. मुलगा नोकरीनिमित्त परगावी. मांजर आणण्यापूर्वी संस्थेनं आमच्याकडून तीन गोष्टी मागितल्या. घरमालकाचं लेखी संमतिपत्र, खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी, आणि वेळेवर लसी देण्याची लेखी हमी. पुष्कळांना या अटींचा राग येतो. "रस्त्यावरचं मांजर घ्यायला एवढी चौकशी?" असं म्हणतात. मला राग आला नाही. आपल्या पोरीला स्थळ बघताना आपण याहून कमी विचारतो का? जाळीचं तर विशेषच. मांजर कुठूनही पडलं तरी चार पायांवर उतरतं, हे खरं आहे आणि तरीही दरवर्षी उंच इमारतींतून पडून मांजरं मरतात, त्यांचे जबडे आणि पाय मोडतात. कबुतरांसाठी लावतात त्या नायलॉनच्या जाळीचे धागे मांजर नखांनी, दातांनी तोडू शकतं, म्हणून ती घट्ट ताणलेली हवी आणि अधूनमधून तपासायला हवी.

घरी आणल्यावर पहिला नियम असा, की मांजराला घर दाखवायचं नाही. आपण पाहुण्याला हौसेनं सगळं घर दाखवतो, "ही बेडरूम, ही गॅलरी." मांजराला पहिले काही दिवस एकच खोली द्यावी. तीत एका कोपऱ्यात खाणं-पाणी, त्याच्यापासून लांब दुसऱ्या कोपऱ्यात वाळूचा ट्रे, आणि लपायला जागा. जिथं जेवण तिथं शौच मांजराला चालत नाही, आपल्यालाही चालत नाही.

लपायच्या जागेबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथंच बहुतेकांचं चुकतं. मांजर लपलं की माणसं अस्वस्थ होतात. पलंगाखाली हात घालून त्याला ओढून काढतात, "बाहेर ये, आपलंच घर आहे" म्हणून. नेदरलँडमधल्या उट्रेख्त विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निवाऱ्यात नव्यानं आलेली १९ मांजरं घेतली. दहांना लपायला पुठ्ठ्याचं खोकं दिलं, नऊ जणांना दिलं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच खोकंवाल्यांचा ताण इतरांहून स्पष्ट कमी दिसला. चौदाव्या दिवसापर्यंत दोन्ही गट बरोबरीला आले. म्हणजे खोकं नसलेली मांजरंही सावरली, पण मधले दिवस त्यांनी उघड्यावर काढले. लपणं हा मांजराचा आजार नव्हे, ते त्याचं औषध आहे. किराणा दुकानातून बिस्किटांचा एक रिकामा खोका आणा, दोन बाजूंना भोकं पाडा, आत जुनी साडी घाला. झालं. दोन भोकं अशासाठी, की पळायला वाट आहे हे माहीत असलं की पळावंसं वाटत नाही.

आमचं मांजर पहिले अकरा दिवस दिसलंच नाही. वाटी रिकामी होत होती, ट्रेमध्ये खुणा दिसत होत्या, तेवढ्यावरून ते आहे हे समजायचं. शेजारच्या काकू रोज विचारायच्या, "भाईजान, तुमचं मांजर आहे का खरंच, की आम्हाला फसवताय?" पत्नी रोज रात्री कपाटापाशी जमिनीवर बसून आमच्या दखनीत त्याच्याशी बोलायची, "कायकू डरती गे तू?" उत्तर नाही. मी त्या खोलीत बसून कवितांची मुद्रितं तपासत असे, तपासताना पुटपुटण्याची माझी जुनी सवय. माझ्या कवितेला असा श्रोता पूर्वी मिळाला नव्हता. दाद नाही, पण उठूनही जात नाही. एकाच जागी, एकाच वेळी, एका लयीत बोलणारा, आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडं न बघणारा माणूस मांजराला परवडतो. त्याच्याकडं एकटक बघणं म्हणजे त्याच्या भाषेत दमदाटी. बघायचंच तर वर सांगितलं तसं, डोळे बारीक करून, मिटून, नजर बाजूला.

बाराव्या रात्री पलंगाच्या कडेला काळं-करडं डोकं दिसलं. मी मान वर केली नाही. सतराव्या दिवशी तिनं माझ्या चपलेचा वास घेतला. विसाव्याला पायाला गाल घासला. गालाच्या कडेला मांजराच्या वासाच्या ग्रंथी असतात. गाल घासून ते आपला वास तुमच्यावर ठेवतं, म्हणजे सातबाऱ्यावर तुमचं नाव चढवतं म्हणा ना. नाव 'मनी' ठेवलं. मराठीत मनीमाऊ, आणि आमच्याकडं उर्दूत पोरांना सांगतात ती मानो बिल्ली, दोघी एकाच नावात बसल्या.

निवाऱ्यांत एक ठोकताळा सांगतात. सावरायला तीन दिवस, रुळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. ठोकताळाच तो, पंचांग नव्हे. भित्र्या मांजराला सहा महिनेही लागतात. मला काळजी वाटते ती दहाव्या दिवसाची. दहाव्या दिवशी बरीच माणसं फोन करतात, "हे आमच्यात मिसळत नाही हो, परत घ्या." परत गेलेलं मांजर पूर्वीच्या जागी परत जात नाही, ते एक पायरी खाली जातं. एकदा उठवलं, गाडीत घातलं, नव्या वासांत सोडलं, पुन्हा उठवलं. पुढच्या घरात ते आणखी आत लपणार आणि पुढचा माणूस आणखी लवकर कंटाळणार. म्हणून एकच मागणं आहे. सहा महिने थांबायची तयारी नसेल तर जाळीला अंग घासणारं ते धीट पिल्लूच न्यावं. त्यात काही कमीपणा नाही.

आता पोटाची गोष्ट. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरीन नावाचा एक घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळ्याचा पडदा खराब होतो, हे १९७० च्या दशकात कळलं, आणि हृदय ढिलं पडतं, हे १९८७ मध्ये. त्यामुळं दूध-पोळी, दही-भात यांवर मांजर वाढवणारी घरं ते प्रेमानं करत असली तरी मांजराचं नुकसान करतात. घरात मांस-मासळी शिजवायची नसेल तर मांजरांसाठीचं तयार खाणं आणावं, त्यात टॉरीन घातलेलं असतं. तेही चालत नसेल तर मांजर आणू नये, हे मी स्पष्ट सांगतो. आणि दूध? बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. कांदा-लसूण घातलेला रस्सा नको, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

भित्रं मांजर पहिले दिवस कमी खातं, ते चालतं. पण पूर्ण दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर गाठा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेततं. उपास माणसाला झेपतो, मांजराला नाही. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री न्या.

आपल्या घरातल्या काही साध्या वस्तू मांजराला विष आहेत. पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील त्याचा जीव घेऊ शकते. ताप आला म्हणून अर्धी गोळी देणारे असतात, म्हणून सांगितलं. फरशी पुसायचं फिनेल तसंच. मांजर ओल्या फरशीवरून चालतं आणि मग पाय चाटतं, आणि असली रसायनं निकामी करण्याची ताकद त्याच्या यकृतात कमी असते. आमच्या घरी आता साबणाच्या पाण्यानं फरशी पुसतात. गोचिडांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला चालत नाही. फुलदाणीतली लिलीची फुलं नकोत. आणि दोरा! खेळायला दोरीला पीस बांधून फिरवा, भित्र्या मांजराला बोलकं करायला याच्याइतकं चांगलं साधन नाही. मात्र पीस त्याच्यापासून दूर पळवा, त्याच्या अंगावर नेऊ नका. उंदीर कधी मांजराच्या अंगावर चालून येतो का? आणि खेळ संपला की दोरी कपाटात. गिळलेला दोरा आतडी कापतो.

दवाखान्याचं थोडक्यात. निवाऱ्यातून निघतानाच लसींचं कार्ड मागा. पॅनल्यूकोपेनिया आणि सर्दीचे दोन विषाणू यांविरुद्धची एक, रेबीजची दुसरी, जंतांचं औषध, आणि नसबंदी झाली आहे की व्हायची आहे. भ्यालेलं मांजर ओरबाडतं, चावतं. असं झालं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि इंजेक्शनसाठी डॉक्टरकडं जा. हळद-चुना भरून घरी बसू नका. घरात बाई गरोदर असेल तर मांजराला हाकलायची गरज नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मांजराच्या विष्ठेतून पडतो, पण तो संसर्गजन्य व्हायला निदान एक दिवस लागतो. ट्रे रोज साफ करायचा आणि तो दुसऱ्यानं करायचा.

मनी आल्यावर लोकांनी मला दोन गोष्टी ऐकवल्या. काहींनी आडव्या मांजराचा अपशकुन सांगितला. आमच्या नात्यातल्या काहींनी उलट सांगितलं, की मांजर म्हणजे बरकत, आणि पैगंबरसाहेबांनी झोपलेलं मांजर उठू नये म्हणून अंगरख्याची बाही कापली होती ती कथा. कथा गोड आहे, पण हदीसच्या प्रमाण संग्रहांत ती नाही. तिथं जे आहे ते जास्त कामाचं. मांजरानं तोंड लावलेलं पाणी अपवित्र मानू नका, ते तुमच्यात वावरणारं आहे, असं सांगितलेलं आहे. पैगंबरांच्या एका सोबत्याचं नावच अबू हुरैरा, म्हणजे मांजरीच्या पिल्लाचा बाप. आणि एका बाईची हकिगत आहे. तिनं मांजर कोंडून ठेवलं, स्वतः खायला घातलं नाही आणि किडामुंगी खाऊन जगायला सोडलंही नाही, म्हणून तिला शिक्षा झाली. जाळी लावून मांजर घरात ठेवणाऱ्या प्रत्येकानं ही हकिगत जवळ बाळगावी असं मला वाटतं. कोंडायचं तर त्याच्या सगळ्या गरजांचं देणं आपल्यावर येतं. चढायला उंच जागा, खिडकीतलं ऊन, ओरबाडायला गोणपाट गुंडाळलेला खांब, रोज दोनदा खेळ. आमच्याकडं पुस्तकांच्या मांडणीचा सर्वांत वरचा कप्पा तिला दिला आहे. तिथं पूर्वी माझी नियतकालिकांची चळत होती, ती आता माळ्यावर गेली.

सणांचे दिवस अवघड. ईदला माणसं येतात, दिवाळीला फटाके वाजतात. दोन्ही वेळा मागची खोली तिची. दार लोटलेलं, पडदे ओढलेले, खोका जागेवर, रेडिओ हळू लावलेला. पाहुण्यांना "मांजर दाखवा ना" म्हणायची सवय असते. त्यांना आम्ही शीरखुर्मा दाखवतो. दिवाळीत घाबरून तिनं घरभर पळू नये म्हणून संध्याकाळी पाचलाच तिला आत घेतो आणि आमच्यापैकी एक जण तिथं बसतो. घाबरलेल्या मांजराला जवळ घेतलं की त्याची भीती वाढते, असं काही जण सांगतात. ते खरं नाही. ते आपणहून आलं तर जवळ घ्यावं. आलं नाही तर तिथं असावं, एवढंच.

दोन वर्षांनंतरही मनी मांडीवर बसत नाही. लोक हे ऐकून हळहळतात. "मग उपयोग काय?" असंही एकानं विचारलं. ती शेजारी बसते, एक हात अंतर ठेवून. मी लिहितो तेव्हा टेबलाच्या त्या टोकाला, पत्नी नमाज पढते तेव्हा चटईच्या कडेला. दाराची कडी वाजली की दोन उड्यांत मांडणीवर. बेल आम्ही काढून टाकली आहे. ओळखीचे लोक आता दारावर बोटांनी टकटक करतात आणि आमचं हे वेड त्यांनी स्वीकारलं आहे.

एक गोष्ट मांजर आणण्यापूर्वी विचारात घ्यावी, आणि आम्हा पन्नाशी ओलांडलेल्यांनी तर नक्कीच. घरात नीट सांभाळलेलं मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगतं, कधी जास्तही. शांत घर बहुधा वयस्कांचं असतं आणि भित्र्या मांजराला शांत घरच हवं असतं. तेव्हा आपल्यामागं त्याचं काय, हे कागदावर लिहून ठेवायला हवं. निवाऱ्यात हादरून आलेली कितीतरी मांजरं अशीच एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या मागं उरलेली असतात. आम्ही माझ्या भाचीला विचारलं. ती याच शहरात राहते, एकटी, शाळेत शिकवते. ती हो म्हणाली, पण नुसत्या हो म्हणण्यानं मांजराला काय कळणार? म्हणून दर रविवारी दुपारी ती येते. मांजराला हाक मारत नाही, शोधत नाही. मागच्या खोलीत बसून तासभर वह्या तपासते आणि जाताना आपली ओढणी खोक्यात ठेवून जाते, मागल्या रविवारची घेऊन जाते. तिच्या घरच्या दोन खिडक्यांना जाळी बसली आहे, तिसरीची राहिली आहे. मनी अजून ती आली की कपाटाखालीच जाते. पण गेल्या महिन्यापासून तिचं शेपूट तेवढं बाहेर राहतं.